ओल्या फरशीवरची चकती

सर, मी आता लडाखमध्ये असते. सैन्यदलात भरती होऊन सहा वर्षं झाली आणि गेले दोन हिवाळे मी बर्फावर हॉकी खेळते, गोठलेल्या तळ्यावर. तुम्ही आधी हसला असतात आणि मग विचारलं असतंत, वजन कुठल्या पायावर ठेवतेस? इथल्या उस्तादांनी, म्हणजे आमच्या कोचनी, पहिल्या दिवशी तेच विचारलं. चेंडूऐवजी इथे रबराची चपटी चकती असते. मी खांद्यातून जोर काढून मारायचे, ती गोलच्या दोन हात बाजूने जायची आणि मी आपटायचे. "मारना नहीं है, भेजना है," उस्ताद म्हणाले. मी उठले, बर्फ झटकला, पुन्हा उभी राहिले. बोटं आहेत की नाहीत तेही कळत नव्हतं.

आठवतं, सर? जव्हारच्या आश्रमशाळेचं जेवणघर. मैदानाचा चिखल झालाय म्हणून तुम्ही आम्हा सात-आठ मुलींना आत आणलंय. मावशी नुकत्याच फरशी धुऊन गेल्यात. चेंडू उडून भांड्यांवर जातो आणि त्या ओरडतात, म्हणून तुम्ही सागाच्या फांदीची चकती करवतीने कापून आणलीय. मी ती जोरात हाणते. "नागली झोडायला आलीस काय गं?" तुम्ही म्हणता, नाचणीची कणसं झोडतात तशी माझी काठी चालते म्हणून. "काठी चकतीला टेकव. मागच्या पायापासून ओढत आण, वजन पुढच्या पायावर येऊ दे, शेवटी मनगट वळव. आणि डोळे भिंतीवर ठेव, चकती कुठे पळून जात नाही." सगळ्या मुली जेवायला बसेपर्यंत मी तेच करत राहते. माझी काठीसुद्धा तुमचीच होती, माझ्या उंचीला वरून कापलेली, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.

नववीच्या वर्षी हॉकी संघाच्या निवडीसाठी नाशिकला पाच मुली न्यायच्या होत्या. तुम्ही नावं वाचलीत, त्यात माझं नव्हतं. मी ऑफिसच्या दारात येऊन विचारलं, "सर, मना कां नाय घेतला?" तुम्ही रजिस्टरमधून मान वर केली नाहीत. "हात तयार आहेत, पाय नाहीत. तिथे पहिल्याच दिवशी काढतील तुला. पुढच्या वर्षी नेतो." मी काठी तुमच्या टेबलावर ठेवली आणि निघून आले. त्यानंतर मी मैदानावर आले नाही. तुम्ही दोनदा बोलावणं पाठवलंत. दिवाळीच्या सुट्टीत तुम्हाला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

परवा मॅच होती. शेवटची काही मिनिटं, दोन्हीकडे दोन-दोन गोल. चकती माझ्या मागच्या पायाजवळ आली. मी मारली नाही. ओढत आणली, पुढच्या पायावर आले, मनगट वळवलं. गोलकीपरच्या खांद्यावरून ती जाळीत गेली. मुली अंगावर पडल्या, कोणी हेल्मेटवर थापा मारत होतं. मी ग्लोव्हजची सुटलेली पट्टी लावत बसले. उस्तादांनी विचारलं, "किसने सिखाया?" मी म्हणाले, "आपने." ते खूश झाले. मला वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. जेवले, कपडे वाळत घातले, झोपले.

हे पाठवायचं नाहीच, त्यामुळे एक लिहून टाकते. तुम्ही गेलात त्या दिवशी मी खोडाळ्याच्या बाजारात होते. आपल्या शाळेच्या मुली जीपमधून जव्हारला निघाल्या होत्या. एकीने सरकून जागा केली आणि म्हणाली, "चल, बस. सरांना शेवटचं बघून येऊ." मी म्हणाले, घरी नागली कापायचीय, आई वाट बघतेय. जीप गेली. मी दुकानात मांडलेल्या चपला बघत उभी राहिले, घेतल्या नाहीत. नागली आमची चार दिवसांपूर्वीच कापून झाली होती.