आजोबांच्या गाडीचं पासिंग

प्रिय भिंगरी,

अक्षर बघून दचकू नकोस, माझंच आहे. तिसरीत शाळा सुटली, तेव्हापासून हातात पेन धरला तो सहीपुरता. तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी तुझा आवाज ऐकला की माझ्या जिभेला आपोआप धार चढते आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून चार दिवस रोज थोडं थोडं लिहितेय. लागलं नाही तर पुन्हा वाच, मला पुन्हा लिहायला लावू नकोस.

बातमी अशी, की आजोबांच्या स्कूटरचं पासिंग या महिन्याच्या अठ्ठावीसला संपतंय. पंधरा वर्षं झाली की गाडीला सरकारची परवानगी नव्याने घ्यावी लागते म्हणे, नाहीतर भंगारात. गाडी जिन्याखाली चादर पांघरून उभी होती, मांजर तिच्या पायठेवणीवर दोनदा व्यायली. आणि गेल्या पंधरवड्यात आजोबांच्या नावाने कागद आला, आपण वाहनासह उपस्थित राहावे. घेतला कागद आणि गेले गाड्यांच्या कचेरीत. चार नंबरच्या खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला, मालकांना घेऊन या. म्हटलं, त्यांना आणायचं तर आधी मला तिकडे जावं लागेल, आणि मग तुमचा फॉर्म कोण भरणार? तेव्हा कुठे त्याने चष्मा काढला. गाडी आधी वारसाच्या नावावर, मग पासिंग. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, दोन्ही वारसांच्या सह्या, म्हणजे माझी आणि तुझी, आणि चासी नंबरची छाप. बाहेर फाटकापाशी एक एजंट चिकटला. आजी, नात कुठे का असेना, तिची सही मी ठोकतो, चार वळणं तर असतात. म्हटलं, मेल्या, घरी आईच्या सह्याही तूच करतोस का? पळाला.

ती छाप माझी दोनदा परत आली. गाडीच्या सांगाड्यावर नंबर कोरलेला असतो, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासायची, की नंबर कागदावर उमटतो. तुला काय सांगतेय, तूच त्यातली पंडित. आठ वर्षांची होतीस, नाण्यांवर कागद ठेवून घासत बसायचीस. आजोबांनी नवी स्कूटर आणली आणि तुला तिच्याखाली निजवून नंबर घासायला शिकवला, तर तू गल्लीतल्या झाडून सगळ्या गाड्यांचे नंबर वहीत गोळा केलेस. शेजारचे भांडायला आले होते, तुमची पोर आमच्या गाडीखाली काय करतेय म्हणून. माझे गुडघे काही गाडीखाली वाकत नाहीत. शेवटी कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला, तुला नटबोल्ट म्हणून चिडवायचा तोच. वंगण पुसायला फडकं हवं म्हणून त्याने डिकी उघडली. फडक्याखाली प्लास्टिकची पिशवी होती. आजी, हे बघा, म्हणाला आणि पिशवी माझ्या हातात देऊन पुन्हा गाडीखाली शिरला.

पिशवीत गाडी नावावर करून द्यायचा फॉर्म होता. भरलेला. आजोबांची ती घड्याळजीची अक्षरं, मुंगी चालल्यासारखी. देणाऱ्याच्या जागी त्यांची सही, घेणाऱ्याच्या जागी तुझं नाव, आणि तू सही करायची तिथे पेन्सिलने बारीक फुली, तू चुकशील म्हणून. छापेच्या चौकोनात त्यांनी नवी छाप घेतलीच नव्हती. तू आठव्या वर्षी घासलेली पट्टी चिकटवली होती, खाली तुझं वाकडं नाव आणि चांदणी काढलेली. शेवटचा आकडा अर्धाच उमटलाय. खिडकीवर ती एका मिनिटात नापास झाली असती, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

फॉर्मवरची तारीख बघशील तर तुझ्या लक्षात येईल. मी सरळच लिहिते.

तुझे आईबाप मोटारसायकलच्या अपघातात गेले तेव्हा तू चार वर्षांची. त्या गाडीचं नोंदणीचं पुस्तक रद्द करायला मीच गेले होते, आजोबांना उठवत नव्हतं. याच कचेरीत. कारकुनाने माझ्या मुलाच्या नावावर तांबडी रेघ मारली आणि पुढचा म्हणून हाक दिली. त्या दिवशी मी ठरवलं, या घरात पुन्हा चाक येणार नाही. आजोबांनी चार वर्षांनी स्कूटर आणलीच. महिनाभर मी त्यांच्याशी भांडी आपटूनच बोलले. पुढे तू मोठी झालीस, परगावच्या नोकरीसाठी निघालीस, तिथे जायला-यायला गाडी लागणार म्हणालीस. आपल्या तिघांत जे भांडण झालं त्यात आजोबा एकदाच बोलले, जातेस तर तिथेच राहा. एरवी मुंगी न मारणारा माणूस, एकदा बोलला तर तेच तुझ्या कानात बसलं. पण महिन्याने त्यांनीच तुला कचेरीत बोलावलं, गाडी तुझ्या नावावर करतो म्हणून. फॉर्मवरच्या त्याच तारखेला सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत गेले आणि फोन घरी चार्जिंगला विसरले. तू स्टँडवरून फोन केलास, आजोबांना सांग मी पोचतेच. उचलला मी.

मी तुला जे बोलले ते तू विसरली नसशील. आजोबांचं मन फिरलंय, तुझं तोंड बघायचं नाही म्हणतात, गाडी विकायला काढलीय, आल्या पावली परत जा. यातला एक शब्दही त्यांचा नव्हता. सगळे माझे. मला तुझ्या नावाचं तसलं पुस्तक घरात नको होतं, तांबड्या रेघेची वाट बघणारं. गाडी नसेल तर तू परत येशील असंही वाटलं होतं. अक्कल काढायची तर काढ.

ते खिडकी बंद होईपर्यंत बाकावर बसून होते. घरी आले, चप्पल काढली, पाणी प्याले. म्हणाले, बस चुकली असेल. संध्याकाळी तुला दोनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. कशी उचलशील? मी तिथेच भाजी चिरत होते आणि चिरतच राहिले. मग म्हणाले, त्या कचेरीतलं घड्याळ सात मिनिटं मागे आहे. मी म्हटलं, मग सांगितलं नाही का? लग्नाच्या मांडवातसुद्धा लोकांच्या मनगटावरचं घड्याळ बरोबर करणारा माणूस तो. तर म्हणाले, कशाला सांगू, पोरीला तेवढीच सात मिनिटं जास्त.

चार महिन्यांनी ते गेले. तू आलीस, पलीकडच्या भिंतीशी उभी राहिलीस, जवळ आली नाहीस. त्यांना तुझं तोंड बघायचं नव्हतं म्हणून. ते मी डोळ्यांनी बघितलं आणि तेव्हाही तोंड उघडलं नाही. एरवी माझं तोंड कुणाला बंद करता आलंय?

आता तुला वाटेल, म्हातारीला सही हवी म्हणून एवढं पुराण. तो जुना फॉर्म सोबत पाठवतेय. खिडकीवर दाखवला, मयताची सही चालत नाही म्हणाले, तेव्हा तो आता फक्त तुझ्या कामाचा आहे. तारीख बघ, फुली बघ, पट्टी बघ. ते रागावून गेले नाहीत, हे तुला माझ्या तोंडून पटणार नाही, त्यांच्या अक्षरातून पटेल. नव्या कागदावर मी माझा हक्क सोडून दिलाय, गाडी तुझ्या एकटीच्या नावावर होईल, तू आलीस तर. अठ्ठावीसला सकाळपासून मी त्याच बाकावर बसेन. मेकॅनिक गाडी ढकलत आणणार आहे. खिडकी दीडला बंद होते. घड्याळ अजून सात मिनिटं मागेच आहे, मी कुणाला बोलले नाही.

तुझीच, अजून म्हणवत असेल तर,
आजी