पडद्यांचं कापड

आई, बाबांच्या गाडीला अखेर गिऱ्हाईक मिळालं. शुक्रवारी घेऊन जाणार. बाबांची नोकरी संपली, व्हिसाही संपतोय, आणि या महिन्यात ते कायमचे पुण्याला चाललेत. हो, बाबाच! तुला हसू आलं असतं, नाहीतर राग. मला दोन्ही आलं.

देश सोडून निघालेल्या कुणा इंग्रज साहेबाकडून त्यांनी ती स्वस्तात उचलली होती. सुटे भाग आणून घरीच जोडायची, फायबरची, दोन सीटची स्पोर्ट्स गाडी. साहेबाने अर्धी जोडून वाळूत टाकून दिलेली. आपल्या मनखूलच्या बिल्डिंगमागे दिवसभर ती घासून बाबा वर आले ते फायबरच्या धुळीने मिशीसकट पांढरे होऊन. तू दारातच अडवलंस. "आणि हे धूड पुण्याला न्यायचं कसं? डोक्यावर?"

"आधी चालू तर होऊ दे गं."

"अजून दोन वर्षं, अजून दोन वर्षं करत इथेच राहायचंय तुम्हाला. सरळ सांगा ना एकदा."

बाबा अंघोळीला गेले.

मग दर शुक्रवारी तेच. शारजाच्या भंगारातून कधी दिवा यायचा, कधी सायलेन्सर. शेवटी इंजिन सुरू झालं आणि फक्त सीट राहिल्या. शिवणाऱ्याने सांगितलेल्या दिरहमांचे मोठ्याने रुपये करून बाबांनी तो बेत सोडला. गाडी तशीच उभी राहिली. आणि एका दुपारी तू पलंगाखालची बॅग ओढतेस. पुण्याच्या घरासाठी जमवलेलं सगळं तीत, मला हात लावायची बंदी. घर घ्यायचं होतं अजून, पण मीना बाजारात घासाघीस करून आणलेलं पडद्यांचं जाड निळं कापड तयार होतं. ते तू फरशीवर पसरतेस, वर सीटचा फोम ठेवतेस आणि कात्री चालवतेस. मी ओरडते, "वॉव आई, सो कूल!" तू म्हणतेस, "बाजूला हो, पाय पडेल."

बाबांनी कापड ओळखलं. "अगं, हे तर..."

"नीट शिवलंय ना? मग बसा."

त्यानंतर तू पुण्याचं नाव काढलं नाहीस. मला वाटलं, तुला इथे आवडायला लागलं. तू गेलीस तीही इथेच. आता इंटरनॅशनल सिटीतल्या माझ्या घरातही पलंगाखाली तशीच बॅग आहे, आणि तुझी ती कात्री आठवली की मी ती आणखी आत सरकवते गं.

गिऱ्हाईक म्हणालं, "ये पुराना कपडा निकाल देना." काल मी टाके उसवले. बाबा शेजारी उभे होते. म्हणाले, "माझ्या बॅगेत ठेव." धुऊन, घडी करून तळाशी ठेवलंय. हा कागद मात्र तिथे ठेवणार नाही, बाबा वाचतील.

तुझं कापड पुण्याला चाललंय, आई. सीटच्या आकाराचे तुकडे आहेत, एकाही खिडकीला पुरणार नाहीत. जोडून दिले असते, पण तू इतकं मागे लागायचीस तरी मी शिवणं शिकले नाही.