उंबऱ्यावरचा उपडा कप

प्रिय बाबा,

हे पत्र कंडक्टरमामांच्या हाती देते आहे, दुपारच्या गाडीने तुम्हाला मिळेल. फोन का नाही केला, असं म्हणाल. माझा फोन आला की तुम्ही स्पीकर लावता आणि "आमचे साहेब बोलतायत" म्हणून अख्ख्या दुकानाला ऐकवता. पूर्वी ऐकायला दुरुस्तीसाठी उघडलेले पंखे नि मिक्सरच असायचे. हल्ली तुमच्या बाकावर पक्षाचे ते चौघे बसलेले असतात. म्हणून हे सावकाश वाचा. ओठ हलले तरी चालतील, आवाज नको.

तुम्ही सगळ्यांना सांगता, पोरगी प्रचाराच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर असते. आमच्या उमेदवाराच्या पानावर लोक जे लिहितात ते वाचायचं आणि शिव्या-धमक्या पुसून टाकायच्या, एवढंच माझं काम. "घरातली पहिली पदवीधर, नि हातात झाडूच आला की गं," असं आई हसली होती. मला मात्र अभिमान होता. वाटायचं, या उकिरड्यातला एक कोपरा तरी मी स्वच्छ ठेवते.

मग पानावर टाकायला ते चित्र आलं. टेबलाभोवती हसरं कुटुंब, सगळ्यांचे कप भरलेले, आणि एकाच रिकाम्या जागेपुढे कप बशीत उपडा. मी आमच्या ऑफिसच्या सरांना विचारलं, खाली काय लिहू? ते म्हणाले, "काही नाही. लिहिलं की सापडतं." बाकीचे हसले. एकजण म्हणाला, "मॅडम फार शिकल्यात, त्यांना सगळं लिहूनच लागतं." मीही हसले, बाबा. न कळलेल्या विनोदाला माणूस हसतो तशी.

त्यानंतर शिव्या आटत गेल्या. सरांनी माझं कौतुक केलं. लोक काही लिहीतच नव्हते, नुसते उपड्या कपांचे फोटो टाकत होते. आधी खिडकीतले, गाडीच्या टपावरचे, शाळेच्या भिंतीवरचे. मग उंबऱ्यांवरचे. पुसायला त्यात एकही शब्द नसायचा. काही दिवसांनी मला दिसायला लागलं की प्रत्येक उंबऱ्याचा पुन्हा एक फोटो येतो. तेच दार, तीच फरशी. फक्त आता कप सुलटा असतो, दाराला कुलूप असतं, आणि पाटी होती तिथे भिंतीवर नुसता फिकट चौकोन. त्याखाली शेकडो लोक हात जोडल्याची चिन्हं टाकतात. कुणी विचारत नाही की आतली माणसं कुठे गेली. पाट्यांवरची नावं मी पहिल्या फोटोंत वाचली आहेत. सगळी आपल्या शेजारच्या चष्मेवाल्या काकांसारख्यांची. ज्यांचे आजोबा दुसरीकडून आले, जे घरात वेगळी भाषा बोलतात, आणि आपल्याशी आपल्याहून शुद्ध बोलतात.

शाळेत मला फळ्यावरचं दिसत नाही हे बाईंना कळलं नव्हतं, तुम्हालाही नाही. मी 'ढ' आहे असंच सगळे धरून चालले होते. काकांनी दुकानाच्या पायरीवरून हाक मारली, समोरच्या घड्याळात किती वाजले विचारलं, आणि मी चुकल्यावर आत नेऊन डोळे तपासले. अजून म्हणतात, "हिच्या नाकावर माझी काच आहे, म्हणजे निम्मी डिग्री माझी." तुम्ही त्यावर म्हणता, "घ्या की, पण निम्म्या लग्नाचा खर्चही तुमचा." त्या हसण्याचा आवाज इथे खोलीत बसून मला ऐकू येतो.

काल सरांनी एक नवा फोटो भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लावला आणि म्हणाले, "बघा, लहान गावातली माणसं किती मनापासून करतात." उंबरा मी ओळखला, काकांचाच. कपही ओळखला. निळ्या काठाचा, तुटलेला कान तुम्ही पंख्याच्या तारेने बांधलेला. खाली तुमचे शब्द होते: 'साहेबांच्या ऑफिसला शेजाऱ्यांकडूनही शुभेच्छा.' बाबा, मला माहीत आहे तुम्हाला काय वाटलं. तुमच्या लेकीच्या ऑफिसची ती निशाणी, तिचं नाव व्हावं म्हणून तुम्ही आधी आपल्या खिडकीत ठेवलीत आणि मग जिवाभावाच्या माणसाच्या दारात. शेजाऱ्याच्या दारातही ठेवा, हे तुम्हाला बाकावरच्या कुणीतरी सुचवलं असणार. त्या फोटोखाली आता हात जोडणारे जमू लागले आहेत. सर म्हणाले, "आता दुसऱ्या फोटोची वाट बघू या."

म्हणून हे पत्र. मला यायला उद्या होईल. उपड्या-सुलट्या कपांचे सगळे जोडफोटो घेऊन मी आत्ता निवडणूक कार्यालयात जाते आहे. तिथे ते विचारतील, यात आक्षेपार्ह शब्द कुठला, आणि मला उत्तर शोधावं लागेल. तुमचं काम सोपं आहे आणि तेच आधी व्हायला हवं. वाचून झालं की उठा, तो कप उचला. तिथेच सुलटा करून ठेवू नका. सुलट्याचा अर्थ तुम्ही वर वाचलात. घरी आणा, विसळा. काका-काकूंना हाताला धरून आपल्याकडे घेऊन या आणि मी येईपर्यंत जाऊ देऊ नका. त्याच कपात काकांना चहा द्या. दुकानाच्या पुढ्यात बसून, बाकावरच्या चौघांना दिसेल असा. ते फोटो काढतील. काढू देत. त्या फोटोत मात्र तुम्ही काकांच्या शेजारी असा.

तुमचीच,
साहेब