दुपारचा मासा

आप्पा,

मागच्या महिन्यात मुलानं मला पुण्यात एका जपानी हॉटेलात नेलं. समोर उभा असलेला आचारी भाताच्या लहानशा मुटक्यावर कच्च्या माशाचा काप ठेवून थेट गिऱ्हाइकाच्या हातात देत होता. मुलगा म्हणाला, याला सुशी म्हणतात, हातात आली की लगेच खायची. भिंतीवर त्या हॉटेलचं तत्त्व लिहिलं होतं: दुपारच्या जेवणाचा मासा दुपारीच संपतो, रात्रीच्या जेवणाला नवा येतो. मी ते दोनदा वाचलं. मग मला काही खाता आलं नाही. मुलाला वाटलं, कच्च्या माशाची किळस आली. मी त्याला तसं वाटू दिलं.

काष्टीला बाजाराच्या रस्त्यावर आपली खानावळ होती. तुम्ही भिंतीवर काही लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. कोळीण भीमेवरून सकाळी येई आणि पुन्हा दिवस कलताना येई. पत्र्याच्या डब्यात, पाण्यात, मरळ मासे जिवंत. गिऱ्हाईक पाटावर बसल्याशिवाय तुम्ही डब्यात हात घालत नव्हता. कुणी घाई केली तर म्हणायचात, "गाडी गाठायचीय व्हय? मग म्होरं भजी मिळत्यात. हितं मासा मिळतो." दुपारी उरलेलं कालवण तुम्ही मागच्या खड्ड्यात ओतत होता. घरच्यांनीही ते खायचं नाही.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी नदी राहिली नाही, डोह राहिले. मी कॉलेज सोडून घरी आले होते. आई गेल्यापासून चूल माझ्याकडे होती. लोक रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन खडी फोडत होते आणि तुम्ही खड्ड्यात कालवण ओतत होता. मी एकदा बोलले, "आप्पा, कुणाला तरी द्या की." तुम्ही पातेलं पालथं करून उभे राहिलात. "भुकेल्याला शिळं वाढावं, आसं कुठं लिवलंय? देयाचं तर ताजं दे." ताजं कुठं होतं? डोहांतले मासे पोटं वर करून तरंगू लागले होते. कोळीण एखादे दिवशी यायची, एखादे दिवशी नाही. नाही आली की तुम्ही पाटीवर खडूनं लिहायचात, आज मासा नाही. बाजारची गिऱ्हाइकं तुटली. उरले दुष्काळी कामावरचे ओव्हरसियर आणि त्यांचे चार कारकून. ते रोज संध्याकाळी येत. ते तुटले तर खानावळ मोडणार, हे तुम्हीच म्हणाला होता. "आन् मोडली तर मला दुसरं काय येतंय, पोरी?" हे वाक्य मी पुढे किती दिवस चुलीपाशी ऐकत होते.

त्या आठवड्यात तुम्हाला ताप होता. तुम्ही आतल्या खोलीत पडून होता. संध्याकाळी कोळीण आली नाही. दुपारचे दोन मासे डब्यातल्या कोमट पाण्यात मेले होते. बाहेर पाचही जण येऊन बसले, हात धुऊन. मी पाटी लिहिली नाही. लसूण दुप्पट घातला, मिरची दुप्पट घातली आणि वाढलं. ओव्हरसियर म्हणाले, "ताई, आज लई झणझणीत!" तेवढ्यात तुम्ही भिंतीला धरून बाहेर आलात. तुम्ही वास घेतला नाही, चव घेतली नाही. नुसतं ताटात पाहिलंत. ताज्या माशाचा तुकडा रश्श्यात मुरडतो. हे तुकडे सरळ पडले होते.

"थांबा. ह्यो मासा दुपारचा हाय. मेलेला."

एक कारकून हसला. "आप्पा, बोटं चाटून झाली की! मेलो का आमी?"

"मेला न्हाई. पर फसला."

मग कुणी हसलं नाही. पाचही जण उठले, हात धुतले आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यांना काहीही झालं नव्हतं, आप्पा. तुम्ही बोलला नसतात तर ते आले असते. महिन्याभरात आपण पाट, पातेली विकली आणि खानावळीला कुलूप लागलं.

तुम्ही मला रागावला नाहीत. मी वाट पाहत होते. लग्न होऊन मी नगरला आले, पुढे तुम्हाला माझ्याकडे घेऊन आले, तरी वाट पाहतच होते. तुम्ही माझ्या घरी अकरा वर्षं जेवलात. रोज ताट समोर आलं की पहिला घास उचलून नाकाशी न्यायचात. भाकरीचा, वरणभाताचा, सणाच्या दिवशी पुरणपोळीचासुद्धा. तुम्हाला ते कळत नसावं. नातवंडं हसायची, "आजोबा मांजरासारखं करतात." मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून जायचे. शेवटच्या दिवसांत हात उचलत नव्हता, मी चमच्यानं पेज भरवत होते. चमचा ओठांपाशी नेला की तुमच्या नाकपुड्या हलायच्या. मग तुम्ही तोंड उघडायचात.

हे पत्र मी फाडणार आहे. त्याआधी एक लिहायचं राहिलं आहे. त्या संध्याकाळच्या चार दिवस आधीही मी दुपारचा मेलेला मासा शिजवला होता. त्या दिवशी काटे काढून, तुकडे कुस्करून रश्श्यात मिसळले होते. बाहेर पाच ताटं वाढली आणि एक आत तुमच्या अंथरुणापाशी आणून ठेवलं. तुम्ही सगळं खाल्लंत. पुन्हा मागून घेतलंत. म्हणालात, "आज जमलाय बग तुला." माझ्या स्वयंपाकाला तुम्ही चांगलं म्हणालात, ते तेवढंच.