पाटाची पहिली ओंजळ

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी आपलं भांडण मिटलेलं नाही, आणि ते मिटवायची मला घाईही नाही. काल शेठचा नातू घरी आला होता. गोड बोलला. नदीकाठी झाडं लावून देतो, शाळेला पाण्याची टाकी देतो, तेवढा कारखान्याविरुद्धचा अर्ज मागे घ्या म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि नाही म्हटलं. तो गेल्यावर तुमची आठवण झाली, ती मायेनं नाही, चांगली रागानं झाली.

दुष्काळाच्या आधीचं ते साल. पांझरेच्या पुरात आपला नदीत आडवा घातलेला बांध फुटला होता. सगळ्या फडाचं, म्हणजे त्या बांधाच्या पाण्यावरच्या सामाईक शेतांचं, पीक एक, पाट एक, आणि बांध गेला की सगळ्यांचाच हंगाम गेला. तुम्ही पंचांचे प्रमुख. वरच्या अंगाला शेठचा रंगाचा कारखाना नुकताच सुरू झालेला. सिमेंट आणि गवंडी मी देतो, गावानं माझ्या पाण्याबद्दल कलेक्टरकडे जायचं नाही, असं त्यानं सांगितलं. तुम्ही वर एक अट घातलीत: पाट बंद असेल तेव्हाच रंगाचं पाणी सोडायचं. त्या अटीवर केवढे खूश होता तुम्ही! मी धुळ्याला शिकत होते. सुट्टीत घरी येऊन तुमच्याशी तावातावानं भांडले, आणि तुम्ही मला पोरीबाळींत जमा केलंत.

मग बांध उभा राहिल्यावर पाटाला पाणी सोडायचा दिवस. नारळ फुटतो. रिवाजाप्रमाणे प्रमुखानं पाटाची पहिली ओंजळ प्यायची, मग पाणी फडात जायचं. पाण्यावर जांभळट तवंग आहे. शेठनं अट एक हंगामसुद्धा पाळलेली नाही. सगळे तो बघतात. तुम्ही धोतराच्या सोग्याआडून घरचा तांब्या काढता आणि विहिरीचं पाणी ओंजळीत ओतून घेता. बायकांच्या घोळक्यातून मी ओरडते, "नाना, पाटनं पानी प्या!"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तांब्या खाली ठेवलात, वाकलात आणि पाटाची ओंजळ भरून प्यालात. घरी आल्यावर आई भाकरी थापत होती, तुम्ही ताटावर बसला नाहीत. "आते झायं ना तुनं समाधान?" म्हणालात. आणि थोड्या वेळानं, "पोरी, तुनं बठ्ठं खरं शे. पन फुटेल बांध खरं बोलीसन बांधाई जास का?" माझं सगळं खरं, पण खरं बोलून फुटलेला बांध बांधला जातो का, या तुमच्या सवालाशी मी अजून भांडते आहे.

त्या साली फडात गहू उभा राहिला. हे तुम्ही मरेपर्यंत मला ऐकवलंत. मग माझंही ऐका. खालच्या अंगाला भिल्लवस्तीतल्या बायका नदीचं पाणी सोडून वाळूत झिरे खोदायला लागल्या. त्यांचा ना फड, ना गहू. बांधाच्या बदल्यात तुम्ही जे पाणी देऊन टाकलंत ते त्यांचंही होतं, आणि पंचांच्या बैठकीला त्यांच्यातलं कुणी बोलावलं नव्हतं. तडजोड करणाऱ्यानं स्वतःच्या ताटातलं द्यावं, नाना. शेजारच्या ताटातलं उचलून देण्याला मी शहाणपण म्हणणार नाही. तेव्हा म्हटलं नाही, आता केस पांढरे झाले तरी म्हणत नाही. तुम्ही ती ओंजळ प्यालात, याचा मला अभिमान वाटतो आणि त्याचाच संतापही येतो. तेवढी हिंमत होती तर शेठपुढे का नाही वापरलीत?

अर्ज मागे घेणार नाही. उद्या पुन्हा कचेरीत जाणार आहे. हे पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्नच आहे, पण पत्ता असता तरी मी ते टाकलं नसतं, कारण शेवटची ओळ वाचून तुम्ही मिशीत हसला असता. धुळ्याची एस.टी. पलीकडच्या काठाला थांबते. शेठविरुद्धचा प्रत्येक अर्ज घेऊन मी गेले ती तुमच्या त्या बांधावरूनच, आणि अजून त्याचा एक दगड हललेला नाही.