बाजूला ठेवलेलं पान

१० जून २००६, शनिवार

अंगठा देऊन आलो! उजवा. पुरुषाचा उजवा, बाईचा डावा. शाईच्या पॅडवर दाबला आणि कोऱ्या कागदावर तीनदा उमटवला. खाली नाव नाही, जन्मतारीख नाही, काही नाही. "नाव लिहू का?" म्हणून विचारलं, तर ज्यांच्या घरी गेलो होतो ते तमिळ गृहस्थ हसले. नाव त्यांनी सांगायचं असतं म्हणे, आपण नाही.

मी, गुरुनाथ, सॉफ्टवेअर टेस्टर. लोकांच्या चुका काढून पोट भरणारा माणूस. आणि आज टेक्सासमधल्या अर्विंगच्या एका अपार्टमेंटमध्ये अंगठा काळा करून बसलो होतो! वल्लरी म्हणाली, "माझं पुढच्या दोन वर्षांचं फ्युचर मला डायपरमध्ये दिसतंय, मला नको तुझी ती नाडी." सावनी आज सहा आठवड्यांची झाली. तेव्हा बायकोचं म्हणणं बरोबरच आहे.

बाळंतपणाला म्हणून भारतातून आलेली शरयूमावशी उठली. लिंबाची फोड आणून अंगठा घासत बसली. लहानपणी आई घासायची तसा.

११ जून

खरं कारण लिहून टाकतो. इथे कोण वाचणार आहे?

आई फेब्रुवारीत गेली, नागपुरात. मी गेलो नाही. गेलो असतो तर व्हिसाच्या शिक्क्यासाठी तिकडे अडकलो असतो, कदाचित नोकरी गेली असती. फोनवर आई म्हणाली, "नको येऊस रे, इतक्या लांबून." आणि मी लगेच ऐकलं. एरवी तिचं एक ऐकायचो नाही, हे बरं ऐकलं! पाच दिवसांनी ती गेली. ती मनापासून म्हणाली होती की रागावून, एवढंच मला हवंय. बाकी भविष्य गेलं खड्ड्यात.

मावशी शेवटपर्यंत तिच्याजवळ होती. मावशीला विचारता येईल. मला भीती वाटते. आईची धाकटी बहीण ती, मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलेल. नाडीच्या पानाला कोणाची भीड नसते.

१७ जून

टिपण, स्वतःसाठी. सगळी माहिती मावशीकडून. तिचे यजमान रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात होते, पेरांबूरला. बावीस वर्षं मद्रासमध्ये काढलेली बाई. मराठीपेक्षा तमिळमध्ये जास्त चांगली भांडते.

ही नाडी मनगटातली नव्हे. ताडाच्या पानांवर ऋषींनी माणसांची आयुष्यं लिहून ठेवली, त्याला नाडी म्हणतात. पानाला ओलै. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, दोन्ही बाजूंनी कोरलेलं. अशा पानांची दोरीनं बांधलेली गड्डी म्हणजे कट्टु. अंगठ्याच्या रेषांवरून आपली गड्डी कोणती ते ठरतं. पण गड्डीत आपलं पान कुठलं? ते वाचक एकेक पान वाचून विचारत जातो. आपण फक्त आमा किंवा इल्लै म्हणायचं — म्हणजे हो किंवा नाही. जास्त बोलायचं नाही. एक जरी इल्लै आलं की पान बाजूला.

आणि बाजूला ठेवलेलं पान परत वाचत नाहीत.

"का?" म्हटलं मावशीला.
"रीतच आहे तशी. आपलं नाही म्हटलं की नाही."

पान सापडलं की मग प्रकरणं. त्यांना कांडम म्हणतात. पहिलं सगळ्या आयुष्याचं सार. मग कुटुंब, भावंडं. चौथं कांडम आईचं. सातवं लग्नाचं, नववं वडिलांचं. तेरावं मागच्या जन्मीच्या पापांचं आणि त्यावरच्या उपायांचं. मला चौथं पुरे.

३ जुलै

वाचक ऑगस्टमध्ये येणार. माझ्या अंगठ्याच्या गड्ड्या सोबत आणणार. ऑफिसात कोणाला सांगितलं नाही. टेस्टिंग टीमनं वर्षभर छळलं असतं.

१२ ऑगस्ट, शनिवार

क्रमानं लिहितो.

बाहेर एकशे चार डिग्री. आत एसी, उदबत्ती, गालिच्यावर वाचक. पस्तिशीचा, माझ्याहून लहान! सदरा, भस्म, मनगटावर डिजिटल घड्याळ. मला हसू आलं. त्याला फक्त तमिळ येतं, म्हणून मावशी माझ्या शेजारी. तो वाचणार, मावशी मराठीत सांगणार, मी हो-नाही म्हणणार, मावशी ते त्याला तमिळमध्ये सांगणार. मी माझा छोटा टेपरेकॉर्डर चालू करून ठेवला. टेस्टरची खोड.

पहिल्या गड्डीत काही नाही. भावंडं चार? नाही. बायको सरकारी नोकरीत? नाही. मी मनातल्या मनात मोजत होतो. असं हो-नाही विचारत कोणीही कुठेही पोचेल, त्यात ऋषी कशाला हवेत?

दुसऱ्या गड्डीतलं अकरावं पान. तो जरा थांबला, मग गात सुटला. वाचत नव्हता, गातच होता.

"जन्म समुद्राजवळ, वाढ समुद्रापासून फार लांब."

हो! माझा जन्म मद्रासचा. आई बाळंतपणाला मावशीकडे गेली होती, तिथले डॉक्टर चांगले म्हणून. वाढलो नागपुरात.

"एकुलता एक."

हो.

"वडिलांचं नाव, माणसांचा राजा असा अर्थ."

नरेंद्र! मी सरळ बसलो. हे मी कोणाला सांगितलेलंच नव्हतं. कसंबसं हो म्हणालो.

"बायकोच्या नावात वेल आहे."

वल्लरी. अंगावर सर्रकन काटा. लिहितानाही येतोय. ताडाच्या पानावर कोणीतरी कधीतरी माझ्या बायकोचं नाव कोरून ठेवलंय, जी त्या क्षणी दोन मैलांवर बाळाला ढेकर काढवत बसली होती!

"आईचं नाव, चांगली मैत्रीण."

सुमित्रा. सुमित्रा! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली नाही. आई त्या पानावर होती. आता एक-दोन प्रश्न, आणि मग चौथं कांडम.

मावशीचा आवाज तिथे घसरला. तिनं पाणी मागितलं. वाचकानं पुढची ओळ म्हटली. मावशी पाणी पीतच राहिली. त्यानं परत म्हटली. मग मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली —

"तुला जन्म देणारी एक, वाढवणारी दुसरी. जन्म देणारी हयात आहे. खरं का?"

मी हसलोच! "नाही, मावशी. आई गेली की माझी. हे कुठून काढलं?"

"नक्की नाही?"

"नक्की नाही!"

"इल्लै," मावशी म्हणाली.

आणि वाचकानं ते पान बाजूला ठेवलं. माझं पान! मी म्हटलं, बाकीचं सगळं बरोबर होतं, परत बघायला सांग. मावशीनं विचारलंसुद्धा नाही. पुढच्या पानांत काहीच जुळलं नाही. गड्डी संपली.

१३ ऑगस्ट

डोकं चालत नाही. समुद्र, एकुलता, नरेंद्र, वल्लरी, सुमित्रा. पाचच्या पाच! पाच टेस्ट पास आणि सहावी फेल. असं होतं तेव्हा मी प्रोग्रॅमला नाही, टेस्टला नावं ठेवतो.

मावशी सकाळपासून झोपून आहे. अंगात कणकण म्हणाली. वल्लरीनं मऊ भात दिला, तो तसाच ठेवला. "आईबद्दल पानाला काय विचारतोस? मी होते की तिथे," एवढंच म्हणाली. मी विषय बदलला. भित्रा आहे मी.

२० ऑगस्ट

वाचक ह्यूस्टनला गेला. पानंही गेली. सगळ्या जगात ते एकच पान आणि ते आता कुठल्यातरी डॉज व्हॅनच्या मागच्या सीटवर.

९ सप्टेंबर

सावनी हसायला लागली आहे. सगळ्यांत आधी मावशीला बघून. मावशीच्या पासपोर्टमधल्या कागदावर परत जायची ऑक्टोबरची तारीख आहे, सहा महिने संपत आले. ती गेल्यावर घर कसं वाटेल, हा विचार करायचा नाही असं ठरवलंय.

पण ते पान डोक्यातून जात नाही. एक गोष्ट करायची राहिली. माझ्याकडे टेप आहे. चूक सापडत नसेल तर लॉग, म्हणजे झाल्या गोष्टींची नोंद, परत वाचायचा, हे मी नव्या पोरांना शिकवतो! इळंगोला ऐकवतो. आमच्या टीममधला तो, मदुराईचा. हसला तर हसू दे.

१३ सप्टेंबर, बुधवार

लंचला गाडीत बसलो. माझ्या जुन्या कॅमरीत कॅसेट वाजते. इळंगो सँडविच खात ऐकत होता. समुद्र — हो, तसंच म्हणतोय. माणसांचा राजा — "यस, यस." वेल आल्यावर त्यानं सँडविच खाली ठेवलं. चांगली मैत्रीण — "माय गॉड, गुरू! यार, इतकं क्लिअर मी कधी ऐकलं नाही!" म्हणजे सगळं खरोखर पानावर होतं. मावशीनं पदरचं काही घातलं नव्हतं. परत काटा आला, भर उन्हात.

मग सहावी ओळ.

"सो? युअर डॅड वॉज अ टीचर, ऑर नॉट?"

काय?

"ही इज आस्किंग — वडील शाळेत शिकवत होते का? दोनदा विचारलंय त्यानं. आणि तुझी आंटी म्हणते, इल्लै."

बाबा तीस वर्षं शाळामास्तर होते.

टेप तीनदा उलटी नेली. जन्म देणारी, वाढवणारी — त्यातलं एक अक्षर तमिळमध्ये नाही. इळंगो शपथेवर सांगतो. ते वाक्य टेपवर फक्त मराठीत आहे. मावशीच्या आवाजात.

१४ सप्टेंबर

संताप! पान माझंच होतं. सहावं उत्तरही हो होतं. पुढच्या ओळींत आई होती, आणि मावशीनं ते घालवलं. शाळा हा शब्द बावीस वर्षं मद्रासमध्ये राहिलेल्या बाईला कळला नाही? तिची तिथली पोरं काय शाळेत गेली नाहीत? ती ओळ तिनं आणली कुठून?

चहा देताना तिनं विचारलं, "बरं नाही का रे तुला?" मी नीट उत्तर दिलं नाही.

१५ सप्टेंबर

तो प्रश्न टेपवर पुन्हा ऐकला. फक्त मावशीचा आवाज. "खरं का?" म्हणतानाचा. आणि त्यामागून माझं हसणं. ते ऐकवलं नाही.

१६ सप्टेंबर, शनिवार

विचारलं. मावशी पायांवर घेऊन सावनीला तेल लावत होती. हात थांबले, मान वर झाली नाही. "पानावरसुद्धा आईच्या जागी ताईचंच नाव निघालं. ते बरोबरच आहे, तिनंच केलं तुझं सगळं. मग मला राहवलं नाही. माझं मी विचारून घेतलं. तू नाही म्हणालास."

मी खाली बसलो.

"ताईला शब्द दिला होता, ती असेपर्यंत बोलणार नाही म्हणून. शेवटच्या दिवशी तीच म्हणाली, आता गुरूला सांग. माझ्यामागे त्याला आई नाही असं नको व्हायला."

म्हणजे आई रागावली नव्हती.

मी म्हटलं, "बाजूला ठेवलेलं पान परत वाचत नाहीत ना?"

"ती त्यांची रीत," मावशी म्हणाली. तिनं सावनीला माझ्या मांडीवर दिलं, तेलाचे हात पदराला पुसले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. शब्द तेच. या वेळी माझ्याकडे बघून.

मी हो म्हणालो.