नंबर जुळले

३ जानेवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा स्वेटर पोचला. बाह्या बोटांच्या पुढे चार इंच जातात. चोपन्नाव्या वर्षी मी आणखी वाढेन अशी आशा तू अजून सोडलेली दिसत नाहीस.

आता बातमी. बसून वाच. नदीतला गाळ काढणाऱ्यांकडून माझ्या नेहमीच्या भंगारवाल्याला एक जुनं रिव्हॉल्व्हर मिळालं. ठाण्यातून निकामी असल्याचा दाखला घेऊन त्याने ते दुकानात आणलं. माझ्या कपाटात अशी सोळा आहेत, सतरावं झालं, एवढंच त्याच्या डोक्यात. मी घड्याळं बाजूला सारली आणि ते सहा दिवस तेलात ठेवलं. घोडा गंजून बसलेला, मूठ कुजलेली. मुठीखालचा सांगाडा घासला आणि भिंग लावलं. नंबर सहाशे तेरा.

बाबांच्या बंदुकांच्या दुकानात एका पेटीतून आलेली ती जुळी तुला आठवतील. सहाशे बारा लाकूडवाल्याला विकलं, सहाशे तेरा काकांना दिलं. पुलावर वाकलो आणि कमरेचं पाण्यात पडलं, असं काका खुनाच्या खटल्यात कोर्टाला सांगत होते. लोक हसले होते. ताई, काका खरं बोलत होते.

मग लाकूडवाल्याच्या भागीदाराचा जीव ज्याने गेला, ते झुडपात सापडलेलं कुणाचं? त्याच्या सांगाड्यावरचा नंबर कानशीने घासून टाकलेला होता. पण गोळ्या भरायच्या चाकाच्या मागे सहाशे तेरा होता. तेवढ्यावरून बाबांनी नोंदवही उघडून साक्ष दिली की हे माझ्या भावाचं. एका नंबरची दोन कशी? माझ्याकडच्याचं चाक अजून जाम आहे. सुटलं की कळेल.

काकूंना इतक्यात सांगू नकोस. शेहेचाळीस वर्षांत त्यांनी काकांचा विषय काढलेला नाही.

बाह्या लांब आहेत त्या लोभापायीच, हे मी जाणून आहे.

तुझा,
ठोंब्या


९ जानेवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

बाह्या दुमडून घाल. उसवायला मला वेळ नाही.

पत्र तीनदा वाचलं. कुणाचं म्हणून काकूंनी विचारलं. घड्याळांची रडगाणी आहेत, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, पन्नाशी उलटली तरी त्याच्या स्वतःच्या भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागेच असणार. गुडघा फार दुखतो त्यांचा. भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत येतात आणि आपण धरलेलं नाही असं दाखवतात.

एक मागते. चाक सोडवू नकोस. इतकी वर्षं पाण्यात होतं, मोडेल. काका खरं बोलत होते, हे कळलं ना? तेवढी चिठ्ठी लिहून त्याला बांध आणि कपाटात ठेवून दे. बाबा गेले, लाकूडवाला गेला, त्याच्या नावाची शाळासुद्धा जुनी झाली. आता जुळवून काय करायचंय?

तेलकट हातांनी जेवू नकोस.

माया करतोस ती कर, त्यात थोडं ऐकणंही येऊ दे.

ताई


१७ जानेवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळण्याआधीच चाक सुटलं होतं, असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि मग चाक सोडवलं.

मागे सहाशे बारा आहे.

म्हणजे लाकूडवाल्याचं चाक काकांच्या सांगाड्यात होतं आणि काकांचं लाकूडवाल्याकडे. त्याने सांगाड्यावरचा नंबर घासला. चाकालाही नंबर असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याचं रिव्हॉल्व्हर कुठे आहे, हे त्याला कुणी विचारलंही नाही.

अदलाबदल आपल्या दुकानातच झाली. दोन्ही द्यायच्या आदल्या रविवारी साफ केली होती. बाबांचा नियम तुला माझ्यापेक्षा पक्का पाठ: एका वेळी एकाचंच पोट उघडायचं. नोंदवही काढली. त्या तारखेला दोन्हींपुढे लिहिलंय, नंबर जुळले. अक्षर तुझं आहे, बाराव्या वर्षाचं, प्रत्येक ‘ळ’ ओळीखाली लोंबणारा.

मी आठ वर्षांचा, फडकं धरून उभा. मला रॉकेलचा एकच ट्रे आठवतो आणि तुझी घाई आठवते.

मी काही विचारत नाही. बाबांनी स्वतः पाहायला हवं होतं. कोर्टाने विचारायला हवं होतं. तुझं उत्तर आलं नाही तरी पुढच्या महिन्यात मी येतो आहे, बाह्या दुमडून.

राग धरू नकोस. मीही धरलेला नाही.

ठोंब्या


२ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तरी घे.

ट्रे एकच होता. मैत्रिणी खाली दोरीच्या उड्या मारत होत्या. दोन्ही एकदम उघडली, एकदम धुतली. जोडताना चाकं उलटी करून बघायची असतात. बघितली नाहीत. लिहून टाकलं. खटल्याच्या वेळी बाबा घरी म्हणाले की वही पोरीने तपासलेली आहे, त्यात चूक नाही. तेव्हा मला तो एकच ट्रे आठवला होता. पण समोर बाबा होते, वकील होते, सगळी मोठी माणसं. मी गप्प बसले, आणि पुढे गप्प बसल्याचंही विसरले. तुझ्या पहिल्या पत्रापर्यंत.

परवा काकूंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. थांबल्या नाहीत. ताट संपल्यावर म्हणाल्या, पलंगाखालची ट्रंक ओढ.

तिच्यात काकांनी तुरुंगातून लिहिलेली एकतीस पत्रं आहेत. एकही फोडलेलं नाही. खुन्याचं काय वाचायचं, असं त्यांनी तेव्हा ठरवलं होतं. भेटायलाही गेल्या नाहीत. चौथ्या वर्षी काका गेले आणि पत्रं थांबली. चौदा वर्षं ती ट्रंक माझ्या घरात आहे. रोज मी तिच्या बाजूने केर काढते.

काकूंना आता अक्षर दिसत नाही. मला वाचायला सांगितलं. तारखेने लावली आणि पहिलं फोडलं.

काका लिहितात की तिथे गेल्यावर त्यांना आठवलं. त्या रविवारी ते दुकानात आले होते, तेव्हा तपासनीसबाईंनी दोन्ही एकदम उघडून ठेवली होती. ते मला तपासनीसबाई म्हणायचे, आठवतं? पुढे लिहितात, चाकं बदलली असतील, पोरीला एकदा विचारून वकिलांना कळवा. दादाला लिहिलं तर तो तिला फोडून काढील, म्हणून तुम्हाला लिहितो आहे. दरडावू नका, जवळ बसवून विचारा. ती खरं सांगेल.

काकूंनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि पाकिटात घातलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, रोज एक. काल दुसरं वाचलं. त्यात काका विचारतात, पोरीला विचारलंत का.

एकोणतीस उरली आहेत.

तू इतक्यात येऊ नकोस. चिठ्ठीवर दोन्ही नंबर लिही. खाली, तपासलं कुणी, तिथे माझं नाव घाल.

लोभ मागवत नाही. उरला असेल तो काकूंच्या नावे पाठव.

ताई